हार्ड डिस्क एक नको, दोन घ्या

कापडाच्या धंद्यात माल डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. ठाण भिजले, जळाले किंवा उंदराने कुरतडले तर किती मीटर गेले हे मोजता येते. हिशेबाचे तसे नसते. वही गेली की काय गेले हेच कळत नाही, कारण काय होते ते सांगणारी वहीच गेलेली असते.

ही गोष्ट मला काही वर्षांपूर्वी अनुभवाने कळली. उंद्रीसारख्या गावात कापडाचे दुकान बरेचसे उधारीवर चालते. शेतकरी उन्हाळ्यात लग्नाचा बस्ता बांधतो आणि सोयाबीन किंवा कापूस विकला की दिवाळीच्या पुढेमागे पैसे देतो. मधल्या पाच-सहा महिन्यांत दुकानदाराजवळ एकच आधार असतो, तो म्हणजे खाते. माझे खाते तोपर्यंत वहीतून संगणकात गेले होते. पुढे संगणक जुना झाला, म्हणून सगळा डेटा मी एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर हलवला आणि संगणकातील जागा मोकळी केली. डिस्कवर ठेवले म्हणजे बंदोबस्त झाला, अशी माझी समजूत होती. एके दिवशी ठाण ओढताना केबल अडकली आणि चालू डिस्क गल्ल्यावरून फरशीवर पडली. पुन्हा जोडली तर आतून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. चिखलीला दाखवली. तिथल्या कारागिराने ती मोठ्या शहरात पाठवावी लागेल असे सांगितले. तिकडून खर्चाचा जो आकडा आला तो डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट होता, आणि एवढे करून डेटा मिळेलच याची हमी नव्हती. मी नाद सोडला.

त्या दिवाळीत बहुतेक गिऱ्हाइकांनी आपल्या तोंडाने आकडा सांगून पैसे दिले. गावात अजून माणुसकी आहे. अडचण आली ती वेगळ्याच ठिकाणी. ज्यांनी मधूनमधून थोडी रक्कम भरली होती, त्यांचा जमेचा आकडा माझ्याकडे नव्हता. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, होळीला हजार दिले होते ना मी?" मला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना. शेवटी मी हो म्हटले. ती खरेच बोलत असणार. पण गिऱ्हाइकाने भरलेली रक्कम ही आपल्याकडे अमानत असते. तिची नोंद हरवली तर तो दोष दुकानदाराचा, गिऱ्हाइकाचा नव्हे.

डिस्क पडली ही दुर्घटना होती. ती एकच होती ही माझी चूक होती. डिस्क घेताना कोणती घ्यावी असे सगळे विचारतात. किती घ्याव्यात आणि कुठे ठेवाव्यात, हे फारसे कोणी विचारत नाही. वास्तविक हाच प्रश्न मोठा आहे.

आधी घरात काय आहे ते पाहा

डेटा म्हणजे मोठ्या कंपन्यांची बाब, असे आता राहिलेले नाही. कापड दुकानदाराकडे टॅलीतील खाती आणि मालाच्या बिलांचे फोटो असतात. भरतकामाची संगणकीय मशीन चालवणाऱ्या कारागिराकडे डिझाइनच्या फाइल असतात. एकेक डिझाइन बसवायला दिवस जातात आणि ती बहुतेक वेळा एका पेन ड्राइव्हवरच पडून असते. भिवंडी, मालेगावकडे इलेक्ट्रॉनिक जकार्डची नक्षीही अशाच फाइलमध्ये असते. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे इनपेजमधल्या वर्षानुवर्षांच्या उर्दू फाइल असतात. फोटो स्टुडिओवाल्याकडे दुसऱ्यांच्या घरची लग्नकार्ये असतात, आणि ती परत चित्रित करता येत नाहीत.

याशिवाय प्रत्येक घरात कागदपत्रे असतात. खरेदीखत, सातबारा, निकाहनामा, शाळा सोडल्याचा दाखला. आपल्यातील अनेक कारागीर बिरादऱ्या इतर मागासवर्गात मोडतात. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा द्यावा लागतो, म्हणजे बहुधा आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा किंवा जुनी महसुली नोंद. ज्या घराला असा एखादा कागद सापडला आहे, त्याने तो स्कॅन करून ठेवला नसेल तर आधी ते काम करावे. स्कॅन मूळ कागदाची जागा घेत नाही. पण मूळ हरवला तर तो कोणत्या शाळेचा, कोणत्या वर्षाचा, कितव्या क्रमांकाचा होता हे स्कॅनवरून कळते आणि नवी नक्कल मागता येते.

हे सगळे मोजले की बहुतेकांच्या लक्षात येईल की आपला अत्यंत मोलाचा डेटा आकाराने अगदी लहान आहे. मध्यम दुकानाची टॅलीची खाती आणि घरातले सर्व स्कॅन मिळून काही जीबींत मावतात. जागा खातात ते फोटो आणि व्हिडिओ. एका लग्नाचे चित्रीकरण सहज शंभर जीबीच्या पुढे जाते. तेव्हा दुकानदाराची गरज वेगळी आणि फोटोग्राफरची वेगळी. दुकानदाराने चार टेराबाइटची एक डिस्क घेण्यापेक्षा एक टेराबाइटच्या दोन घेणे केव्हाही शहाणपणाचे आहे.

डिस्क का बिघडते

पहिली हार्ड डिस्क आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९५६ साली बाजारात आणली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन एक टनाहून जास्त होते आणि तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणारी डिस्क त्याच्या लाखो पट माल सांभाळते. पण आतील रचना मुळात तीच आहे. चुंबकीय लेप दिलेली तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि तिच्यावर एक बारीक टोक तरंगत अक्षरे लिहिते, वाचते. टोक आणि तबकडी यांतले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजारो पट कमी असते. चालू डिस्क पडली की हे टोक तबकडीला घासते आणि मग टक्-टक् ऐकू येते. असा आवाज आला की डिस्क लगेच बंद करावी. पुन्हा पुन्हा जोडून पाहिल्याने जे वाचण्याजोगे असते तेही खरवडले जाते.

न पडताही डिस्क जातेच. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी लाखो डिस्क चालवते आणि २०१३ पासून त्यांच्या बिघाडाचे आकडे जाहीर करते. अलीकडच्या वर्षांत तिच्याकडे वर्षाला शंभरातल्या साधारण एक ते दोन डिस्क निकामी होतात. त्या डिस्क थंड खोलीत असतात, त्यांना कोणी हलवत नाही आणि वीज अखंड मिळते. आपली डिस्क पिशवीतून फिरते, धूळ खाते आणि लाइट गेली की मध्येच बंद पडते.

डिस्क मरण्याआधी इशारा देते का? काही वेळा देते. प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती पाहता येते. 'रिअलोकेटेड' किंवा 'पेंडिंग' सेक्टरचा आकडा शून्यावरून वर सरकू लागला तर ती डिस्क निवृत्त करावी. पण इशारा आला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. गूगलने आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात निकामी झालेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी महत्त्वाच्या चारपैकी एकही इशारा आधी दिला नव्हता.

म्हणून "कोणत्या कंपनीची डिस्क कधीच जात नाही?" हा प्रश्न सोडून द्यावा. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बनवणाऱ्या जगात तीनच मोठ्या कंपन्या उरल्या आहेत, सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. तिघींच्याही डिस्क चालतात आणि तिघींच्याही जातात.

कोणती घ्यावी

दुकान आणि घर यांच्यासाठी अडीच इंची पोर्टेबल डिस्क सोयीची. ती यूएसबी केबलमधूनच वीज घेते, त्यामुळे लॅपटॉपच्या बॅटरीवर चालते. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला वेगळा अडॅप्टर लागतो. दर टेराबाइटचा भाव पाहिला तर मोठ्या मापाला ती बहुधा स्वस्त पडते आणि फोटोग्राफरच्या कामाची आहे. मात्र ती घेणाऱ्याने यूपीएस घेतलाच पाहिजे. नक्कल चालू असताना लाइट गेली तर एक फाइल अर्धवट राहतेच, शिवाय कधी कधी कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारी डिस्कची अनुक्रमणिकाच बिघडते.

एसएसडीमध्ये फिरणारे काही नसते. ती वेगवान असते आणि पडण्याचा मार सोसते. संगणकाच्या आत किंवा रोजच्या फिरतीत ती उत्तम. पण दर टेराबाइटला ती महाग पडते. आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळाल्यास तो भार हळूहळू ओसरतो. पूर्ण वापरून झिजलेल्या घरगुती एसएसडीने विजेशिवाय ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. नवी एसएसडी यापेक्षा बरीच जास्त टिकते. तरीही कपाटात वर्षानुवर्षे ठेवायची एकमेव प्रत तिच्यावर ठेवू नये. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड तर फक्त ने-आण करण्यासाठी आहेत, साठवणीसाठी नाहीत.

फोटोग्राफर बांधवांनी 'एसएमआर' आणि 'सीएमआर' हे दोन शब्द लक्षात ठेवावेत. सीएमआर डिस्कमध्ये नोंदींच्या पट्ट्या शेजारी शेजारी असतात. एसएमआरमध्ये त्या कौलारू छपराच्या कौलांसारख्या एकावर एक थोड्या चढवलेल्या असतात, म्हणून तेवढ्याच तबकडीत जास्त माल मावतो. पण मधले एक कौल बदलायचे तर पुढची सगळी उचलावी लागतात. त्यामुळे जुने पुसून नवे लिहिताना ही डिस्क फार मंद होते. एकदा लिहून ठेवून द्यायचे असेल तर एसएमआरने काही बिघडत नाही. बऱ्याच मोठ्या मापाच्या पोर्टेबल डिस्क याच पद्धतीच्या असतात. पण तिच्यावरच रोज संपादन करायचे असेल किंवा चार डिस्क एकत्र बसवायच्या असतील तर सीएमआरच मागून घ्यावी. डब्यावर हे बहुधा छापलेले नसते. २०२० साली वेस्टर्न डिजिटलने आपल्या काही 'रेड' डिस्क एसएमआर असल्याचे गिऱ्हाइकांच्या ओरडीनंतर उघड केले. म्हणून मॉडेल क्रमांक पाहून कंपनीच्या माहितीपत्रकात खात्री करावी.

आणखी दोन लहान गोष्टी. जाड चपट्या तोंडाची केबल ढिली होते, म्हणून डिस्कबरोबर एक जादा केबल घेऊन ठेवावी. आणि उन्हाळ्याची काळजी घ्यावी. काही पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असताना ३५ अंशांपर्यंतचेच तापमान चालेल असे लिहिलेले असते. आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो. उन्हाळ्यात हे काम सकाळी दुकान उघडण्याआधी उरकावे. पत्र्याच्या खोलीत भर दुपारी दोन तास डिस्क चालवू नये.

गज आणि मीटर

नवीन डिस्क जोडली की हमखास तक्रार येते, "एक टेराबाइटचे पैसे घेतले आणि संगणकात ९३१ जीबीच दिसतात!" ही फसवणूक नाही, मापाचा फरक आहे. डिस्क बनवणारा हजाराने मोजतो, म्हणजे हजार बाइट म्हणजे एक किलोबाइट. विंडोज १०२४ ने मोजते. आपल्याकडे कोणी मीटरने विकावे आणि घेणाऱ्याने गजाने मोजावे तसे हे आहे. कापड तेवढेच असते, आकडा बदलतो.

खरी फसवणूक वेगळीच असते. ऑनलाइन बाजारात '१६ टेराबाइट'ची छोटी एसएसडी अगदी मामुली किमतीत दिसते. तिच्या आत बहुधा एक लहान मेमरी कार्ड असते आणि संगणकाला खोटा आकडा सांगण्याची व्यवस्था केलेली असते. सुरुवातीला सगळे ठीक चालते. खरी जागा भरली की नव्या फाइल जुन्यांवर चढतात आणि हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो. नवी डिस्क घरी आणली की तिच्यावर काहीही ठेवण्यापूर्वी एच-टू-टेस्ट-डब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने ती काठोकाठ भरून पडताळून पाहावी. मोठ्या डिस्कला यात अख्खी रात्र जाते, पण तेवढी रात्र द्यावी.

दुसरी फसवणूक वापरलेली डिस्क नवी म्हणून विकण्याची. कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमधून काढलेल्या डिस्क बाजारात स्वस्त मिळतात. त्या वर्षानुवर्षे अहोरात्र फिरलेल्या असतात. तब्येतीच्या नोंदीत 'पॉवर ऑन अवर्स' असा रकाना असतो. नव्या डिस्कमध्ये तो शून्य किंवा अगदी थोडा असला पाहिजे. ८,७६० तास म्हणजे एक पूर्ण वर्ष, हे गणित पाठ करून ठेवा. मात्र हा आकडाही पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हजारो तास चाललेल्या डिस्क आकडे पुसून नव्या म्हणून विकल्याचे उघडकीस आले. तेव्हा ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलाने, सीलबंद डिस्क घ्यावी आणि अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटी तपासावी. एवढे ध्यानात असू द्या की वॉरंटीत नवी डिस्क मिळते, जुना डेटा मिळत नाही.

लाइट गेली म्हणून वाचले

दोन डिस्क घेतल्या आणि दोन्ही संगणकाला जोडून ठेवल्या, तर काय होते हे जगातील एका मोठ्या व्यापारी कंपनीच्या उदाहरणावरून पाहू. त्याची झळ आपल्या महाराष्ट्रालाही बसली होती.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा संगणकीय विषाणू जगभर पसरला. त्याचे मूळ युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होते. म्हणजे तो हिशेबाच्या दारातूनच आत शिरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक काही तासांत निकामी झाले. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात याच गटाचे एक टर्मिनल आहे, तेथील कामही विस्कळीत झाले. कंपनीला पुढे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले आणि नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

कंपनीच्या जाळ्याचा कणा असलेले सुमारे दीडशे मुख्य संगणक जगभर होते आणि ते एकमेकांच्या नकला ठेवत. एक गेला तर दुसरा आहे, दुसरा गेला तर तिसरा आहे, अशी तजवीज होती. पण ते सगळे एकमेकांना जोडलेले होते, म्हणून सगळे एकदमच गेले. शोधता शोधता एक शाबूत सापडला, आफ्रिकेतील घानाच्या कार्यालयात. हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती आणि त्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता! तिथली इंटरनेटची लाइन इतकी मंद होती की तो डेटा इंग्लंडला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एकाने डिस्क घेऊन नायजेरियाचा विमानतळ गाठला, तिथे ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि दुसरा ती घेऊन लंडनला उतरला. एवढ्या मोठ्या कंपनीचा कारभार एका हार्ड डिस्कवरून पुन्हा उभा राहिला.

आपण लाइट गेली की बोटे मोडतो. इथे लाइट गेल्यानेच धंदा वाचला. जी प्रत जोडलेली नव्हती तीच वाचली, एवढाच याचा धडा. खंडणीचे विषाणू आज लहान दुकानांतही शिरतात आणि त्या क्षणी संगणकाला जी डिस्क जोडलेली असेल तीही कुलूपबंद करतात. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी मिरर यंत्रणाही एक डिस्क बिघडली तर काम थांबू नये यासाठी असते. तुम्ही चुकून खाते पुसले तर ती दोन्हीकडचे खाते इमानदारीने पुसते. म्हणून नक्कल झाली की डिस्क काढून ठेवायची. जोडून ठेवलेली डिस्क ही साठवण झाली, बॅकअप नव्हे.

अलिफ आणि बे

पीटर क्रॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने 'तीन-दोन-एक' असा नियम लोकप्रिय केला. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातील एक घराबाहेर. गावातील दुकानदाराला तो असा बसवता येतो. पहिली प्रत रोजच्या संगणकात. दुसरी आणि तिसरी दोन वेगळ्या डिस्कवर. माझ्या दोन डिस्कवर मी मोठ्या अक्षरांत 'अलिफ' आणि 'बे' लिहिले आहे. शक्यतो दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नयेत. वेगवेगळ्या कंपनीच्या घेतल्या तर अधिक चांगले, म्हणजे कारखान्यातला एखादा दोष दोन्हीत निघणार नाही.

अलिफ घरी, दुकानात नव्हे. दर गुरुवारी रात्री टॅलीतून बॅकअप काढायचा, तारखेच्या नावाचा नवा फोल्डर करून अलिफवर ठेवायचा, 'सेफली रिमूव्ह' करून डिस्क काढायची. जुना फोल्डर लगेच पुसायचा नाही. चूक कधी कधी महिन्याने लक्षात येते आणि तेव्हा महिन्यापूर्वीचीच प्रत लागते. बे ही डिस्क दुसऱ्या गावी, भावाकडे किंवा मुलीच्या घरी. महिन्यातून एकदा जाणे होतेच, तेव्हा अलिफ तिकडे आणि बे इकडे.

दुसरे गाव कशासाठी? २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरील हजारो फायली जळाल्या. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा मालाबरोबर दुकानांतील वह्या आणि संगणकही बुडाले. आग आणि पाणी एकाच कपाटातल्या दोन डिस्कमध्ये फरक करत नाहीत. चोरही करत नाही.

डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवायची म्हटल्यावर गिऱ्हाइकांची खाती आणि आधारच्या प्रती उघड्या ठेवणे बरे नव्हे. विंडोजच्या प्रो आवृत्तीत बिटलॉकर आहे आणि व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. यांनी डिस्कला परवलीचा शब्द लावता येतो. तो शब्द कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावा आणि घरातील एका जबाबदार माणसाला सांगावा. आपल्या पाठीमागे मुलांना कुलूप सापडले आणि किल्ली सापडली नाही, असे होऊ नये.

गूगलसारख्या कंपन्या १५ जीबी जागा मोफत देतात. टॅलीचा बॅकअप आणि कागदांचे स्कॅन तिथे सहज मावतात. ही चौथी प्रत समजावी. पण खाते बंद पडले किंवा पासवर्ड विसरला तर दाद मागायला कोणाचे दार ठोठावायचे हे ठाऊक नसते, म्हणून तिच्यावर एकट्याने विसंबू नये. इनपेजवाल्यांनी फाइलबरोबर तिची पीडीएफही ठेवावी. वीस वर्षांनी ते सॉफ्टवेअर हाताशी असेल की नाही सांगता येत नाही.

शेवटचे काम बहुतेक जण करत नाहीत. तीन महिन्यांतून एकदा बॅकअप उघडून पाहा. वेगळ्या संगणकावर जुन्या वर्षाचे एक खाते, एक बिल, एक फोटो काढून बघा. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजलेले ठाण. चिठ्ठीवर चाळीस मीटर लिहिलेले असते, आत किती आहे ते कापल्यावर कळते.

कायद्याची मुदत आणि डिस्कचे आयुष्य

हा केवळ खबरदारीचा प्रश्न नाही. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेब आणि कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. २०२४-२५ या वर्षाच्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२५ होती. म्हणजे ती वही ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत हाताशी हवी. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा निकाल लागून वर्ष होईपर्यंतही ठेवावी लागते. नियम ५७ तर स्पष्ट सांगतो की हिशेब संगणकावर असेल तर त्याचा योग्य बॅकअप ठेवावा, जेणेकरून अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी त्या वाजवी मुदतीत परत उभ्या करता येतील. "साहेब, डिस्क पडली" हे उत्तर त्या नियमापुढे टिकणारे नाही.

आता हिशेब करा. एप्रिल २०२४ मध्ये लिहिलेले बिल पावणेआठ वर्षे टिकवायचे आहे. पोर्टेबल डिस्कची वॉरंटी असते साधारण दोन-तीन वर्षांची. कायद्याची मुदत डिस्कच्या भरवशापेक्षा लांब आहे. म्हणून डिस्क घेतल्याची तारीख तिच्यावरच लिहावी आणि पाच वर्षे झाली की ती चालू असली तरी नवी घेऊन माल तिच्यावर उतरवावा. जुनी फेकू नये, जादा प्रत म्हणून ठेवावी.

आपल्या वाडवडिलांनी कच्ची वही वेगळी आणि पक्की वेगळी ठेवली. रोजमेळावरून खतावणी उतरवली. एकच गोष्ट दोनदा लिहिण्याचा त्यांना कंटाळा आला नाही, कारण एक वही हरवली तर दुसरीवरून ती उभी करता येत होती. संगणक आला आणि आपण एका वहीवर आलो. दोन डिस्क घेणे म्हणजे काही नवे शिकणे नाही, जुनी शिस्त परत आणणे आहे. या गुरुवारी दुकान बंद केल्यावर सुरुवात करा. त्या म्हातारीसारखे गिऱ्हाईक समोर उभे राहील तेव्हा तिचे हजार रुपये आपल्याला स्क्रीनवर दिसले पाहिजेत.